ताप दोनने उतरला, पण दोन कशातले?

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये मोजतात आणि ताप फॅरनहाइटमध्ये, त्यामुळे आईबाबांचा गोंधळ होणारच. "सिस्टर, ताप दोनने उतरला," असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, दोन कशातले? फॅरनहाइटचे दोन अंश म्हणजे सेल्सिअसचा जेमतेम 1.1. सेल्सिअसचे दोन म्हणजे फॅरनहाइटचे 3.6. हा उतार चांगलाच मोठा.

मोबाइलमध्ये 2 सेल्सिअस टाकलंत तर 35.6 फॅरनहाइट येतील. ते दोन अंश तापमानाचं उत्तर झालं, दोन अंशांच्या फरकाचं नव्हे. पाणी गोठतं तिथे सेल्सिअसवर 0 असतो आणि फॅरनहाइटवर 32, म्हणून तापमान बदलून घेताना 1.8 ने गुणून वर 32 मिळवायचे. फरक काढताना मात्र हे 32 दोन्ही आकड्यांत असतात आणि वजाबाकीत उडून जातात. 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2. वजा करून बघा, 1.8 च उरतात.

घरात काचेचा जुना थर्मामीटर असेल आणि त्यावर दोन्ही मापं असतील, तर तो उजेडात धरा. फॅरनहाइटच्या एका अंशाचे पाच भाग केलेले असतात, म्हणजे एक घर 0.2 चं. सेल्सिअसच्या अंशाचे दहा, एक घर 0.1 चं. आता 38 ते 39 मधली घरं मोजा: सेल्सिअसच्या बाजूला दहा, तेवढ्याच लांबीत फॅरनहाइटच्या बाजूला नऊ. नऊ गुणिले 0.2, म्हणजे पुन्हा 1.8. मला ही घरं मोजून दाखवायला फार आवडतं, कारण मग सूत्र पाठ करावं लागत नाही.

तोंडी हिशेब असा: सेल्सिअसचा फरक दुप्पट करा आणि त्यातून त्याचाच दहावा भाग काढा. 1.5 चे 3, त्यातून 0.3 गेले, 2.7 राहिले. उलट जायचं तर फॅरनहाइटचा फरक निम्मा करा आणि त्यात त्याचा दहावा भाग घाला. 3 चे 1.5, अधिक 0.15, म्हणजे 1.65. किंचित कमी येतं, पण तापाला एवढं पुरतं.

हवामानाच्या बातमीलाही हेच लागू. "पारा सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वर" हे अमेरिकेतल्या लेकीला सांगायचं तर 8.1 म्हणा. 40.1 सांगितलंत तर ती घाबरेल.

तापाची नोंद ठेवताना वेळ, आकडा आणि पुढे "फॅ" किंवा "से" लिहाच. बऱ्याच डिजिटल थर्मामीटरचं माप बटण दाबून बदलता येतं, कधी चुकून बदलतंही. काल रात्री 103 आणि आज सकाळी 39.4 असं वहीत दिसलं, तर ताप उतरलेलाच नाही. दोन्ही आकडे एकच आहेत, डॉक्टरांना लगेच कळवा.