युती, आघाडी की हातमिळवणी? कुठला शब्द कधी वापरायचा

निवडणुका आल्या की कोण कुणाबरोबर गेलं यावर सगळेच लिहितात, पण शब्द हाताला लागेल तो टाकतात आणि मग अर्थच बदलतो, म्हणून हे लिहितोय.

आधी साधं. 'युती' आणि 'आघाडी' दोन्ही म्हणजे पक्षांनी एकत्र येणं, पण महाराष्ट्रात 1989 पासून युती म्हटलं की शिवसेना-भाजप आणि 1999 नंतर आघाडी म्हटलं की काँग्रेस-राष्ट्रवादी असंच डोक्यात बसलंय. 2019 ला शिवसेना दोन्ही काँग्रेसबरोबर गेली तेव्हा नावसुद्धा महाविकास आघाडी झालं, आणि समोरचे महायुती. त्यामुळे हे दोन शब्द अदलाबदल करून लिहू नका, वाचणारा गोंधळतो. आणि 'महिला आघाडी' म्हणजे पक्षाचीच शाखा, तिथे मित्रपक्ष शोधू नका. युतीतला दुसरा पक्ष तो मित्रपक्ष, आणि दुसऱ्या महायुद्धाबद्दल लिहिताना मात्र दोस्त राष्ट्रं.

कालपर्यंत भांडणारे एकत्र आले तर 'हातमिळवणी' चांगला शब्द आहे, त्यात जुनं वैर आपोआप येतं. एकाने बऱ्याच जणांना गोळा केलं असेल तर 'मोट बांधली'. तुम्हाला ते पटलं नसेल तर 'अभद्र युती' किंवा 'घरोबा' (आणि तुटलं की 'काडीमोड'), पण मग ते तुमचं मत झालं हे लक्षात ठेवा, बातमी म्हणून तसं लिहू नका.

सगळ्यात जपून वापरायचे शब्द म्हणजे साटंलोटं आणि संगनमत. साटंलोटं म्हणजे आतून देवाणघेवाण, तू माझं बघ मी तुझं बघतो. संगनमत तर पोलिसांच्या कागदात येणारा शब्द, मिळून गुन्हा केला असा थेट आरोपच होतो तो, पुरावा नसेल तर नकोच.

'विळ्या-भोपळ्याचं सख्य' हे बरेच जण दोस्ती समजून लिहितात. नाही हो! ते वैर आहे. 'दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, तरी एका स्टेजवर आले' असं लिहा, मग बरोबर.

आणि प्रत्येक अनपेक्षित जोडीला संधीसाधू म्हणायची घाई करू नका प्लीज. 1956 च्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) असे एरवी एकमेकांशी कडाडून भांडणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले. कम्युनिस्ट नेते श्रीपाद डांगे 'कॉम्रेड' आणि प्रजा समाजवादीचे एसेम (एस. एम. जोशी) 'साथी', हाक मारायचे शब्दसुद्धा वेगळे, तरी लढा एकच. अशा ठिकाणी 'एकजूट' लिहा, तोच शब्द त्यांना शोभतो.