नळाला ‘फोर्स’ नाही? एनर्जी, पॉवर, व्हिगर यांचा घोळ कसा सोडवावा

“आज नळाला फोर्सच नाही,” असं आपण घराघरांत म्हणतो. इंग्रजीत मात्र अशा वेळी कमी पडतं ते प्रेशर. फोर्स हा शब्द आपल्या तोंडात रुळला, पण त्याचे मूळचे शेजारीपाजारी मागेच राहिले. एनर्जी, पॉवर, स्ट्रेंथ, स्टॅमिना, व्हिगर यांचंही तसंच. शब्दकोश उघडला तर सगळ्यांपुढे ‘शक्ती, जोर, बळ’ एवढंच दिसतं. ती यादी पाठ करून काही साधत नाही, निदान मला तरी साधलं नाही. त्यापेक्षा पुढची वाट धरा.

आधी इंग्रजी बाजूला ठेवा. वहीच्या एका पानावर आपलेच शब्द लिहा: ताकद, दम, जोर, जोम, रेटा, तडफ, हुरूप. प्रत्येकाचं एक वाक्य करा. पैलवानाच्या दंडात असते ती ताकद, तिसऱ्या कुस्तीपर्यंत टिकतो तो दम. पीक जोमात असतं, हुरुपात नसतं. गर्दीचा रेटा असतो, गर्दीची तडफ नसते. हे फरक तुम्हाला कुणी शिकवलेले नाहीत, तरी ते चुकत नाहीत. इंग्रजी शब्द याच कप्प्यांजवळ बसवायचे आहेत. कप्पे तंतोतंत जुळणार नाहीत, पण सुरुवातीला तेवढं पुरतं.

मग विज्ञानातले तीन शब्द पक्के करा, कारण तिथे अर्थ घट्ट बांधलेले आहेत. फोर्स म्हणजे बल, अर्थात ढकलणं किंवा ओढणं. एनर्जी म्हणजे ऊर्जा, काम करण्याची क्षमता. पॉवर म्हणजे ते काम किती वेगानं होतं ते. शाळेत हे घोकलं असेल, पण मला विचाराल तर विहिरीवरची मोटार यापेक्षा चांगली शिकवते. ‘पाच एचपीची मोटार’ म्हणताना आपण हॉर्सपॉवर मोजतो. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करण्यासाठी जेम्स वॉटने हे माप रूढ केलं. 1 एचपी म्हणजे सुमारे 746 वॉट, म्हणजे पाच एचपीचे झाले साधारण 3.7 किलोवॉट. ही झाली पॉवर, आणि मोटार बंद असली तरी तिच्या पाटीवरचा हा आकडा तोच राहतो. मोटार चालू झाली की मीटरवर युनिटं पडू लागतात, ती एनर्जी. एक युनिट म्हणजे 1 किलोवॉट-तास. थोडक्यात, पाटीवर पॉवर आणि बिलावर एनर्जी. (तरीही लाइट गेली की इंग्रजीत ‘पॉवर कट’च होतो. रोजची भाषा भौतिकशास्त्राला विचारून चालत नाही.)

विज्ञानाबाहेर फोर्सला जबरदस्तीचा वास येतो. “मला फोर्स करू नका” हे आपण बरोबर वापरतो. कायदा लागू झाला की तो ‘कम्स इन्टू फोर्स’, आणि पोलीस तर फोर्सच. एखाद्या उत्साही मुलीचं कौतुक करायचं असेल तर ती ‘एनर्जेटिक’. ‘फोर्सफुल’ म्हटलंत तर ती आपलं म्हणणं ठासून मांडणारी ठरते.

आता शरीराचे शब्द. एकदाच मोठा दगड उचलायला लागते ती स्ट्रेंथ. 1646 मीटर उंचीचं कळसूबाई शिखर चढताना शेवटच्या शिडीपर्यंत साथ देतो तो स्टॅमिना, म्हणजेच आपला दम. स्टॅमिनाच्या मुळाशी लॅटिनमधला मागावरचा उभा धागा, म्हणजे ताणा, आहे. नियतीच्या देवता माणसाच्या आयुष्याचा धागा कातत असतात, अशी जुनी रोमन कल्पना होती. ताणा जितका चिवट, तितका माणूस टिकाऊ. एवढं कळल्यावर हा शब्द मी परत विसरलो नाही.

व्हिगर मराठीतल्या जोमाच्या सगळ्यांत जवळचा. तो पिकालाही चालतो आणि माणसालाही. व्यायामाच्या सल्ल्यात ‘मॉडरेट’ आणि ‘व्हिगरस’ असे दोन प्रकार भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मॉडरेट किंवा 75 ते 150 मिनिटं व्हिगरस व्यायाम सांगितला आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे. चालता चालता गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मॉडरेट. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागतं, तो व्हिगरस. स्पेलिंगचा एक खड्डाही सांगून ठेवतो. ब्रिटिश पद्धतीत व्हिगरमध्ये ‘ओ’नंतर ‘यू’ येतो, अमेरिकन पद्धतीत येत नाही. पण व्हिगरस लिहिताना तो ‘यू’ दोघंही गाळतात.

शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. शब्द एकटा लिहू नका, त्याच्या जोडीदारासकट लिहा. चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नसतो. इंजिन पॉवरफुल असतं. वारा स्ट्राँग, पाऊस हेवी, चाल ब्रिस्क. याला नियम शोधत बसू नका. आपण तरी ‘कडक चहा’ आणि ‘जोरदार पाऊस’ कुठल्या नियमाने म्हणतो? रोज एक जोडी, तीही आपल्या दिवसातल्या खऱ्या वाक्यात. महिनाभरात तीस होतात.

गमतीचे शब्द सावकाश घ्या. ‘पेप टॉक’मधला (म्हणजे हुरूप देणाऱ्या बोलण्यातला) पेप हा पेपरचा, म्हणजे मिऱ्याचा, तुकडा आहे. आणि भांडी घासताना रोज हाताशी असलेला ‘विम’ हा इंग्रजीत जोशासाठीचा शब्द आहे. ‘विम अँड व्हिगर’ अशी जोडगोळी आहे त्यांची. पण ती आता जुनाट वाटते, म्हणून नोकरीच्या अर्जात घालू नका. तिथे ‘ड्राइव्ह’ लिहा.