ओव्हर टेबलाशी नको, खाटेपाशी द्या

मेल मेडिसिन वॉर्डात बावीस वर्षं काढली. नवी सिस्टर आली की शीर शोधायला शिकवायच्या आधी मी तिला ओव्हर द्यायला, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवायला, शिकवते.

सकाळी आठला नाइटवाली दमलेली, मॉर्निंगवालीला राउंडची घाई. दोघी टेबलाशी रजिस्टर उघडतात आणि ‘सात नंबर स्टेबल, आठ नंबर स्टेबल’ करत पाच मिनिटांत मोकळ्या होतात. तसं करू नका. खाटेपाशी जा. रुग्णाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. सलाईन किती उरलंय, लघवीची पिशवी किती भरलीये, सुई लावलेला हात सुजलाय का, हे येणारीने स्वतः बघायचं. ‘स्टेबल’ हा शब्द माझ्या वॉर्डात बंद आहे. बीपी किती, ते सांगा.

आधी राहिलेलं काम सांगा. झालेलं केस पेपरवर असतंच.

आणि वॉर्डातल्या मावशींना सोबत घ्या. माझी सुरुवातीची नोकरी, दुसरं हॉस्पिटल. संध्याकाळच्या सिस्टरनी एका काकांना साडेसातला ३०/७० इन्सुलिन, म्हणजे जेवणाआधी द्यायचं मिश्र इन्सुलिन, दिलं. आठला ‘दिलंय’ म्हणाल्या, मी मान डोलावली. नंतर जेवणाचं ताट आलं आणि भरलेलंच परत गेलं. ते फक्त मावशींना ठाऊक. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सिस्टरला कशाला शिकवायचं! पहाटे तीनला काका घामाने चिंब, काहीबाही बरळतायत. शुगर ४२ वर उतरलेली. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून गेलं, तेव्हा ताळ्यावर आले. तेव्हापासून मावशींना माझा पहिला प्रश्न: कोण जेवलं नाही?

इन्सुलिन भरलं की बाटली आणि सिरिंज दुसरीला दाखवूनच टोचा. मिलीला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, मिलीला १०० वालीला केशरी. ४० च्या बाटलीतून केशरीने दहाच्या खुणेपर्यंत ओढलंत, तर रुग्णाला चारच युनिट मिळतात.

डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर लिहून घ्या आणि लगेच वाचून दाखवा. ‘फिफ्टीन, एक-पाच’ असा आकडा सुटा करून. चिडले तर चिडू देत.

तीस खाटांना वीस मिनिटं लागतात. नाइटवालीची बस चुकू नये म्हणून मॉर्निंगवालीला मी पावणेआठलाच बोलावते.