ओआरएमच्या मागच्या क्वेरी आधी बघा

गोव्यात वेब डेव्हलपमेंट सुरू केलेल्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या वाट्याला आधी हॉटेल, होमस्टे नाहीतर टॅक्सी बुकिंगचंच काम आलं. पणजी-पर्वरीकडच्या छोट्या कंपन्या मुलाखतीत वेबसाइट बांधायच्या तयार फ्रेमवर्कबद्दल विचारतात, जँगो येतं का, लारावेल येतं का. डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएल किती येतं, हे क्वचितच कोणी विचारतं. मला याची अजून चीड येते.

फ्रेमवर्क कुठलं घ्यावं यावर डोकं आपटू नका. कंपनीत चालतं ते घ्या. ओआरएमचंही तसंच, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदी कोडमधल्या वस्तूंसारख्या वापरू देऊन एसक्यूएल स्वतः बनवणाऱ्या भागाचं. एलोक्वेंट असो, हायबरनेट असो की एंटिटी फ्रेमवर्क, एक नीट कळलं की दुसरं पकडता येतं.

मी जिथे अडकलो ते मात्र सावकाश सांगतो. समजा, एका पानावर २०० होमस्टेंची यादी आहे, प्रत्येकासोबत मालकाचं नाव आणि फोटो. सगळे होमस्टे एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात आले. मग टेम्प्लेटमध्ये लूप फिरवून तुम्ही होमस्टे, डॉट, मालक, डॉट, नाव असं लिहिता. दिसायला साधा डॉट, पण त्या मालकाला हात लावला की ओआरएम डेटाबेसकडे नवी क्वेरी धाडतं. फोटोंचंही तेच. यादीची १, मालकांच्या २००, फोटोंच्या २००, म्हणजे पानामागे ४०१ क्वेरी. याला एन प्लस वन म्हणतात. म्हापशाच्या बाजारातून आणायच्या प्रत्येक जिनसासाठी घरून वेगळी फेरी मारावी, तसलं हे काम. लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर आणि चाचणीला दहाच नोंदी, म्हणून काही जाणवत नाही. सर्व्हरवर डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला आणि फेरीला ५ मिलिसेकंद लागले, की नुसत्या जाण्यायेण्यात २ सेकंद संपतात. डिसेंबरच्या गर्दीत असं पान मान टाकतं आणि सगळे म्हणतात, सर्व्हर मोठा करा. आमच्याकडे केला. क्वेरी तेवढ्याच राहिल्या.

उपाय सोपा आहे, खरंच. लागणारं आधीच एकत्र मागवा. जँगोत मालकासाठी सिलेक्ट रिलेटेड, फोटोंसाठी प्रीफेच रिलेटेड; ४०१च्या जागी २ क्वेरी. लारावेलमध्ये हे काम विथ करतं, एंटिटी फ्रेमवर्कमध्ये इन्क्लूड. पण सरसकट लावत सुटू नका. एका होमस्टेचे २० फोटो आणि ३० अभिप्राय एकाच जॉइनमध्ये, म्हणजे टेबलं जोडून केलेल्या एका क्वेरीत ओढलेत, तर प्रत्येक फोटोची प्रत्येक अभिप्रायाशी जोडी होऊन त्या एकट्याच्या ६०० ओळी येतात.

‘ओआरएम असताना एसक्यूएल कशाला?’ म्हणणाऱ्या सिनियरचं ऐकू नका. माणूस चांगला असेल, पण तुमची वर्षं फुकट जातील. चार तासांत फुल स्टॅक शिकवणारे व्हिडिओही मला पटत नाहीत. एआयकडून कोड घ्या हवा तर, फक्त त्यातून किती क्वेरी गेल्या ते मोजा. पानामागच्या क्वेरी दाखवणारा जँगो डिबग टूलबार पहिल्याच दिवशी बसवा. लारावेलवाल्यांनी प्रिव्हेंट लेझी लोडिंग चालू करावं, मग डॉटमागे गुपचूप नवी क्वेरी जायची चूक लगेच एरर होऊन समोर येते.

घाबरण्यासारखं यात काही नाही. जॉइन, ग्रुप बाय (ओळींचे गट करून बेरीज-मोजणी) आणि इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) एवढं पक्कं करा, बाकीचं कामातून येतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर आपणहून इंडेक्स घालत नाही. जँगो घालतं, पण टेबल हाताने बनवलं असेल तर तुम्हालाच घालावा लागेल. आणि महिन्याच्या वसुलीचा रिपोर्ट ओआरएममध्ये बसत नसेल तर सरळ एसक्यूएल लिहा. तारखा, नावं पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी द्या. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवलीत की इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने घुसवलेल्या एसक्यूएलला दार उघडं.