डिजिटल ट्विन जुळवायचाय? आधी सगळ्यांचं शून्य एक करा

पुण्यात नाल्याला लागून किंवा नदीकाठी प्लॉट असला की पाच-सहा मॉडेल्स हमखास जमतात, आर्किटेक्टचं रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर), स्ट्रक्चरलवाल्यांचं वेगळं, एमईपीचं (एसी, वीज, प्लंबिंग) वेगळं, ड्रेनेजवाल्याचं सिव्हिल थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, ड्रोनचा पॉइंट क्लाउड (मोजलेल्या लाखो बिंदूंचं चित्र), वर जीआयएसचे (संगणकी नकाशाचे) लेयर्स, आणि मग क्लायंट म्हणतो याचा डिजिटल ट्विन, म्हणजे सेन्सर जोडलेली इमारतीची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, करून द्या. हे सगळं एकत्र कसं नांदवायचं ते सांगतो, साइटवर करून बघितलेलं आहे.

आधी ट्विनला काय विचारायचं ते ठरवा, तीन-चार प्रश्न पुरे. पूर आला तर रॅम्पवरून पाणी बेसमेंटमध्ये येईल का? पावसाचं किती पाणी जमिनीत जिरेल आणि किती नाल्यात जाईल? पश्चिमेच्या फ्लॅटच्या भिंती दुपारी किती तापतील? या प्रश्नांना जे लागत नाही ते मॉडेलमध्ये घेऊ नका, दाराच्या कड्या-कोयंड्यांपायी फाइल जड होते आणि मग ती कुणी उघडतच नाही.

आता मुख्य काम, लेव्हल (उंची) आणि कोऑर्डिनेट (नकाशावरची जागा). जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतल्या पुराची, आणि दोन्हींच्या लेव्हल समुद्रसपाटीपासून असतात. आपल्या साइटवर मात्र टीबीएम (उंची मोजायची तात्पुरती खूण) १००.००० मीटर धरून काम सुरू झालेलं असतं. ड्रोनवाला जीपीएसची उंची देतो, ती आपल्याकडे समुद्रसपाटीच्या आकड्यापेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी येते. मुंबईत तर टाउन हॉल डेटम म्हणून उंचीचा आणखी वेगळाच हिशोब. यूटीएमचंही (झोन पाडून मीटरमध्ये जागा सांगायची नकाशाची पद्धत) तसंच, पुणे-मुंबई झोन ४३ मध्ये पण नागपूर ४४ मध्ये, कारण ७८ रेखांशाची सीमा विदर्भातून जाते. म्हणून पहिल्याच मीटिंगमध्ये एक पान बनवा: झोन कुठला, लेव्हल कशापासून, उत्तर दिशा कुठली धरायची, युनिट मीटर की मिलिमीटर, टीबीएम नेमकी कुठे. सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि यूटीएमचे लाखातले आकडे थेट रेव्हिटमध्ये टाकू नका, ओरिजिनपासून (मॉडेलच्या शून्य बिंदूपासून) १६ किलोमीटरच्या पलीकडे गेलं की भूमिती बिघडायला लागते, ग्रिडचा एक कोपरा ओरिजिनजवळ ठेवा आणि खरे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (रेव्हिटमधली खऱ्या जागेची वेगळी नोंद) द्या.

मग प्रत्येकाला प्लॉटच्या एकाच ठरलेल्या कोपऱ्यावर एक मीटरचा क्यूब ठेवायला सांगा. सगळ्या आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या मॉडेल फाइल) नेव्हिसवर्क्समध्ये, म्हणजे मॉडेल्स एकत्र बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकत्र उघडल्या की क्यूब एकच दिसायला हवा, दोन दिसले तर क्लॅश डिटेक्शन (काय कशाला आडवं येतंय ते शोधणं) चालवूच नका, त्या रिपोर्टला काही अर्थ नसतो.

पण क्यूब जुळला म्हणजे जमीन जुळलीच असं नाही. आमच्या एका साइटवर टीबीएम कल्व्हर्टच्या कठड्यावर लाल रंगाने मारलेली होती, मधल्या काळात कुणीतरी त्या कठड्यावर नवीन कोबा टाकला आणि खूण तशीच पुन्हा रंगवली. ड्रेनेजच्या सर्व्हेयरने तीच धरून लेव्हल घेतल्या. मॉडेलमध्ये सगळं सुंदर जुळत होतं, पण ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून स्टाफ (मापाची पट्टी) नाल्याच्या तळावर धरला तेव्हा कळलं की आउटफॉल (पाइपचं नाल्यातलं तोंड) जवळजवळ अर्धा फूट खाली येतोय, म्हणजे पावसाळ्यात नालाच आपल्या पाइपात शिरला असता. तेव्हापासून मी टीबीएम दोन घेतो, एकमेकींपासून लांब, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर दोन्ही तपासतो.

नंतरचं काम शिस्तीचं. ज्याचं मॉडेल त्यानेच बदलायचं, दुसऱ्याच्या फाइलला हात लावायचा नाही, आठवड्याचा एक वार ठरवून त्या दिवशीच नवीन फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची. पंप, टाकी, मीटर यांना आधीच स्वतःचे नंबर द्या आणि सेन्सर त्या नंबरला जोडा, मॉडेलमधल्या ग्लोबल आयडीला (सॉफ्टवेअर आपोआप देतं तो नंबर) नाही, कारण कुणी पंप डिलीट करून परत काढला की तो आयडी बदलतो आणि रीडिंग हवेत लटकतं. सेन्सर थोडेच लावा: टाकीची लेव्हल, नाल्याची लेव्हल, कॉमन वीज मीटर.

काच बदलली किंवा खिडकी मोठी केली की उष्णतेचा हिशोब त्याच आठवड्यात परत करा. इको निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे केंद्राचे नियम) आपल्या हवामानाला भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे, ती ओलांडली तर ऑर्डर जायच्या आधी कळलेलं बरं.

आणि ट्रेंच बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपची इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची उंची) आणि फोटो घ्याच, त्याच संध्याकाळी मॉडेलमध्ये टाका. माती पडली की ती पाइप कुठून गेलीय हे सांगणारं ट्विनशिवाय कुणी नसतं. पुढे सोसायटीकडे ताबा देताना आयएफसी फाइल, ते सह्यांचं पान आणि दोन्ही टीबीएमचे फोटो एकाच पेनड्राइव्हवर द्या.