घरबसल्या नर्सिंगची डिग्री घेताय? पैसे भरायच्या आधी कौन्सिलला विचारा

सरळच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. बारावी झालीय आणि नर्स व्हायचंय, तर डिस्टन्सने बीएस्सी नर्सिंग असा प्रकारच नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नाही, एएनएम (त्याखालचा छोटा कोर्स) पण नाही. समोरचा कितीही गोड बोलू दे. डिस्टन्सचा विषय येतो तो फक्त ज्यांचं जीएनएम झालंय, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलला आरएनआरएम (नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ) म्हणून नाव लागलंय आणि कुठंतरी ड्युटी चालू आहे त्यांच्यासाठी, आणि तो पण पोस्ट बेसिक बीएस्सीपुरताच, म्हणजे जीएनएमनंतर करायच्या डिग्रीपुरता.

आपल्याकडे हे जास्त नीट बघावं लागतं, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पोरी शिकतात कर्नाटकात, नोकरी बघतात कोल्हापूर, मिरज, गडहिंग्लज नाहीतर गोव्याला, आणि मनात दुबई असते. म्हणजे डिग्री एकच पण ती तपासणारे तीन-चार जण, आणि एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा म्हणेलच असं काही नाही.

आधी यूजीसी (विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा आयोग) आणि कौन्सिल यातला फरक डोक्यात बसवा. एजंटचं ठरलेलं वाक्य असतं, "मॅडम, युनिव्हर्सिटी यूजीसी मान्य आहे, काय टेन्शन घेऊ नका." असेल की मान्य, पण यूजीसी तुम्हाला नर्स म्हणून काम करायचं लायसन देत नाही. ते देतं राज्याचं नर्सिंग कौन्सिल, आपल्याकडे बेंगळुरूचं कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिल, १९६१ च्या राज्याच्या कायद्याने चालणारं. आणि कुठली डिग्री नोंदवून घ्यायची हे ठरतं इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्यातल्या मान्य क्वालिफिकेशनच्या यादीवरून. (२०२३ ला नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशनचा कायदा पास झालाय, त्यामुळे पुढं पाट्या बदलतील, पण विचारायचा प्रश्न तोच राहणार.) आणि गंमत म्हणजे यूजीसीनेच २०२० च्या डिस्टन्स-ऑनलाइनच्या नियमांत जे कोर्स या पद्धतीने चालवायचे नाहीत म्हणून सांगितलंय त्यात मेडिकल, डेंटल, फार्मसी, फिजिओथेरपीबरोबर नर्सिंग पण आहे. म्हणजे जो यूजीसीचं नाव घेऊन डिस्टन्स बीएस्सी नर्सिंग विकतोय त्याला यूजीसीचाच नियम दाखवा.

मग इग्नूचं, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचं काय? हा प्रश्न येणारच. इग्नूचा पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग हा तो एक कोर्स, जो इंडियन नर्सिंग कौन्सिलने डिस्टन्स म्हणून धरलाय. रेग्युलर पोस्ट बेसिक २ वर्षांचं, हा ३ वर्षांचा. अट अशी की बारावीनंतर ३ वर्षांचं जीएनएम, नोंदणी, आणि नोंदणीनंतर किमान २ वर्षं कामाचा अनुभव. दहावीवर जीएनएम केलेल्या जुन्या सिस्टर असतील तर ५ वर्षं. एन्ट्रन्स असते. आणि डिस्टन्स म्हटलं तरी प्रॅक्टिकल घरी होत नाहीत, ठरवून दिलेल्या सेंटरला हजर राहून करावीच लागतात, तेव्हा सुट्टीचा हिशोब आधी करा, नाहीतर नाइट ड्युटी करून सकाळी सेंटरला पळायची वेळ येते. सरकारी नोकरीत असाल तर डिपार्टमेंटची परवानगी लेखी घ्या, ॲडमिशनच्या आधी. आणि ज्या वर्षी फॉर्म भरताय त्याच वर्षीचं प्रॉस्पेक्टस वाचा, आतेबहिणीने सहा वर्षांपूर्वी केलं ते तिच्यापाशी.

आता लक्षात घ्या की इथं लायसन डिस्टन्सवर मिळतच नाही. लायसन तुमच्या जीएनएमवर आधीच मिळालेलं असतं, पोस्ट बेसिक ही त्यावर जोडलेली ॲडिशनल क्वालिफिकेशन. म्हणून डिग्री हातात आली की पेढे वाटून गप्प बसायचं नाही, कौन्सिलला ॲडिशनल क्वालिफिकेशनची नोंद करून घ्यायची. पुष्कळ सिस्टर हे करतच नाहीत आणि प्रमोशन नाहीतर ट्यूटरच्या पोस्टला अर्ज करताना रजिस्टरवर फक्त जीएनएम दिसतं, मग धावपळ. एनआरटीएसमध्ये (नर्सच्या देशभरातल्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये) आधार जोडून एनयूआयडी, म्हणजे तुमचा स्वतःचा नर्स नंबर काढला नसेल तर त्याच फेरीत ते पण उरका.

यापेक्षा जास्त पोरी फसतात त्या दुसऱ्याच गोष्टीत, ते म्हणजे "नॉन अटेंडिंग". डिस्टन्स चालत नाही हे आता लोकांना कळलंय, म्हणून एजंट म्हणतो कागदावर रेग्युलर आहे, तुम्ही फक्त परीक्षेला या, हजेरी आम्ही बघतो. हे डिस्टन्सपेक्षा वाईट. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात परीक्षेला बसायला थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री मिळायच्या आधी क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ ड्युटीची १०० टक्के भरलेली असावी लागते. चार वर्षं तुमची हजेरी एका गावात आणि त्याच काळातला पीएफ आणि एक्स्पिरियन्स लेटर दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलचं, हे दोन्ही कागद तुम्हीच एका फाइलला लावून देणार, आणि तपासणाऱ्याला तारखा वाचता येतात. डिग्री पण जाते आणि खरा अनुभव पण संशयात येतो. तसंच ते सहा महिन्यांचे "होम नर्सिंग", "बेडसाइड असिस्टंट" वगैरे कोर्स. पेशंट सांभाळायचं काम मिळतं त्यावर, खोटं नाही, पण कौन्सिलची नोंदणी मिळत नाही.

कॉलेज कसं तपासायचं? बीएस्सी आणि पोस्ट बेसिक असेल तर राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या यादीत कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव आणि त्या वर्षीच्या सीट, तिन्ही बघा. कॉलेज यादीत असतं पण तुम्ही घेणार तो कोर्स नसतो, असं पण होतं. केएलईसारखी अभिमत विद्यापीठं स्वतःची डिग्री देतात, तिथं त्यांच्या नावाने बघा. जीएनएमची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, राज्याचं डिप्लोमा नर्सिंग परीक्षा मंडळ घेतं. एक जुना घोळ पण माहीत असू दे, साधारण २०१६-१७ ला कर्नाटकातल्या कॉलेजांना इंडियन नर्सिंग कौन्सिलची वेगळी मान्यता लागते की नाही यावर मोठा वाद होऊन कोर्टात गेला होता, त्या सुमाराला शिकलेल्या असाल तर बाहेरच्या राज्यात अर्ज करताना कॉलेजची त्या वर्षाची मान्यतेची कागदं जवळ ठेवा, कुणी विचारलं तर पुढं करता येतात.

आणि फोनवर विचारून समाधान मानू नका. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न असा विचारा: अमुक विद्यापीठाचा अमुक कोर्स, डिस्टन्स पद्धतीने, अमुक सालात ॲडमिशन, यावर कौन्सिल नोंद करून घेतं का. "ही डिग्री चालते का" असं मोघम विचारलं तर उत्तर पण मोघमच येणार. आलेलं उत्तर लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ओरिजिनल ठेवा.

आता सीमा ओलांडायची गोष्ट. कर्नाटकची नोंदणी घेऊन शिनोळीच्या पुढं गेलात की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि चोर्ला घाटातून खाली उतरलात की गोव्याचं. तिकडं नोकरी पक्की करायची तर कर्नाटक कौन्सिलकडून एनओसी घेऊन तिकडं नोंदणी करायची, व्हेरिफिकेशन एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलला जातं, तुमच्या हातात मिळेल असं धरू नका. वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात आल्यावर सुरुवात केली तर शेवटची तारीख निघून जाते. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो हे खरंय, पण तो दाखला रहिवासाची अट सोडवतो, अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पोस्टला लागणारी कौन्सिलची नोंदणी नाही. दोन्ही लागतात.

नावाचा घोळ आपल्या इथं घरटी आहे. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर बापाचं नाव आणि आडनाव, लग्नानंतर तिसरंच. वर गाव जुन्या कागदावर बेळगाम आणि २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदावर बेळगावी. गावाचं कुणी अडवत नाही सहसा, पण माणसाच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी फाइल परत येते. एसएसएलसीचं नाव मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा, ॲफिडेविट लागेल तिथं करा, पण डिस्टन्सचा फॉर्म भरताना परत चौथं स्पेलिंग जन्माला घालू नका म्हणजे झालं.

गल्फला जायचं असेल तर डाटाफ्लो ही कागद तपासणारी कंपनी थेट विद्यापीठाला, कौन्सिलला आणि हॉस्पिटलला विचारून घेते, एजंटच्या शिक्क्याचा तिथं उपयोग नाही. जीएनएमचं आणि पोस्ट बेसिकचं, दोन्हीचं ट्रान्सक्रिप्ट (काय काय शिकलात त्याचा कॉलेजचा तक्ता) काढून ठेवा, त्यात विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे लिहिलेले पाहिजेत. कॉलेज बंद पडायच्या आधी काढलेलं बरं, हे गमतीने म्हणत नाही.

अमेरिकेत पण राज्यागणिक वेगळं आहे बरं का. लायसनची परीक्षा सगळीकडे एकच, एनक्लेक्स-आरएन, पण बसू द्यायचं की नाही ते त्या राज्याचं बोर्ड ठरवतं. न्यूयॉर्कच्या एक्सेल्सियर कॉलेजची डिस्टन्सवाली नर्सिंग डिग्री तिकडं बऱ्याच राज्यांत चालायची, पण कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने ६ डिसेंबर २००३ पासून नाव घातलेल्यांना त्या डिग्रीवर लायसन द्यायचं थांबवलं, कारण त्यांना देखरेखीखाली केलेलं क्लिनिकल थिअरीच्या बरोबरीनेच पाहिजे. हाच नियम ते बाहेरून शिकून आलेल्यांना पण लावतात, म्हणून बाळंतपण आणि लहान मुलांचं नर्सिंग शिकलात त्याच काळात त्या वॉर्डची ड्युटी झाली होती हे ट्रान्सक्रिप्टवरून दिसलं पाहिजे. कॅलिफोर्निया मनात असेल तर ट्रान्सक्रिप्टवर तारखा पण टाकून द्या म्हणून कॉलेजला आत्ताच सांगा.