भीड चेपायची ती पहिल्या दहा मिनिटांत

ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच तासाला मी सगळ्यांना सांगितलं, "प्लीज इंट्रोड्यूस युवरसेल्फ." बॅचमध्ये १४ जण होते. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तरी अर्धा तास त्यातच जाणार, हा साधा हिशेब मी केला नव्हता. पहिल्या तिघांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. बाकीचे आपला नंबर येण्याच्या धास्तीत ओठांतल्या ओठांत वाक्यं घोकत होते, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. नववा नंबर एका बाईंचा होता. त्यांचा माईक सुरू झाला, एक खोल श्वास ऐकू आला आणि त्यांची चौकट स्क्रीनवरून नाहीशी झाली. थोड्या वेळाने नेट गेल्याचा मेसेज आला. पुढच्या तासांना त्या यायच्या, पण माईक बंदच.

तेव्हापासून आइसब्रेकर, म्हणजे तासाच्या सुरुवातीला भीड मोडायला घेतलेला छोटा खेळ, ही माझ्यासाठी वेळ घालवायची गंमत राहिली नाही. नव्याने शिकवायला लागलेले बरेच जण आधी मजेदार खेळ शोधतात. माझं म्हणणं असं, की खेळ मजेदार आहे का हे नंतर बघा. आधी हे बघा, की पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून इंग्रजीचं एक तरी वाक्य बिनधोक बाहेर पडणार आहे का. ज्याचा आवाज सुरुवातीला एकदा निघतो, तो पुढे निघत राहतो. जो पहिला अर्धा तास म्यूट राहिला, त्याला नंतर माईक सुरू करणं फार जड जातं.

ही भीती खरी असते. भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातल्या भीतीचा वेगळा विचार मांडला आणि ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. आपल्या भाषेत मुद्देसूद बोलणारा मोठा माणूस परक्या भाषेत चार शब्दांवर येतो आणि इतरांसमोर आपण लहान झालो असं त्याला वाटतं. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी रूढ केलेली 'अफेक्टिव्ह फिल्टर' (भावनांची गाळणी) ही कल्पनाही इथे उपयोगी पडते: मन धास्तावलेलं असलं की कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही. म्हणजे भीड चेपली नाही, तर पुढचा सुंदर तयार केलेला धडाही वाया जातो.

ऑनलाइनमध्ये आणखी एक अडचण येते. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर बहुतेक वेळा २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. नेटवरून आवाज पोचायला लागणारा वेळ ती लय सहज मोडतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघंही "सॉरी" म्हणून थांबतात आणि पुन्हा एकदम सुरू करतात. बुजऱ्या माणसाला असा एक प्रसंग पुरतो. म्हणून "कोण बोलेल?" असं मोघम विचारू नका. जो बोलला त्यानेच पुढच्याचं नाव घ्यायचं. "उजवीकडून सुरू करू" हेही चालत नाही, कारण चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळा असू शकतो. नावांची यादी स्क्रीनवर लावून ठेवली की पुढे कोण उरलंय ते सगळ्यांना दिसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबणंही शिकावं लागतं. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हाच वेळ तीन सेकंदांवर किंवा त्यापुढे नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात. ऑनलाइनमध्ये तर म्यूट काढण्यातच दोन सेकंद जातात. मी मनातल्या मनात सातपर्यंत मोजते. ती शांतता सुरुवातीला खायला उठते, पण मोजत राहा.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या आइसब्रेकरबद्दल. "हात लांब केला की जी वस्तू सापडेल ती उचला आणि कॅमेऱ्यासमोर धरा." एवढंच. कॅमेरा बंद असेल त्याने नुसतं वर्णन करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. स्क्रीनवर मी तीन अर्धी वाक्यं लिहून ठेवते: "धिस इज माय...", "आय हॅव हॅड इट फॉर...", "आय कीप इट बिकॉज..." अगदी नवशिक्यांसाठी पहिलं पुरे. भाषा किती येते ते ठरवणाऱ्या सीईएफआर या युरोपीय मोजपट्टीत ए-१ या सुरुवातीच्या पातळीच्या वर्णनातच आहे, की शिकणाऱ्याला आपण कुठे राहतो, कुणाला ओळखतो, आपल्याकडे कोणत्या वस्तू आहेत अशा गोष्टींवर साधे प्रश्नोत्तर करता यावेत. म्हणजे हा खेळ सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसालाही झेपतो. शिवाय हातात वस्तू असली की नजर तिच्यावर जाते, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर खिळत नाही. उत्तर काय द्यायचं हे शोधावं लागत नाही, फक्त शब्द शोधायचे असतात.

आधी नमुना तुम्ही स्वतः दाखवा, पण दोनच वाक्यांत. शिक्षक दोन मिनिटं अस्खलित बोलला की बाकीच्यांच्या घशाला कोरड पडते.

बोलण्याआधी मी लिहायला लावते. चॅटमध्ये एक वाक्य टाइप करा, पण एंटर दाबू नका. मी "गो" म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. चौदा वाक्यं धबधब्यासारखी खाली येतात, कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. मग दोघादोघांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे कॉलमधल्याच वेगळ्या छोट्या खोलीत, पाठवून तेच वाक्य बोलायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर. तोपर्यंत ते वाक्य दोनदा वापरून झालेलं असतं. ब्रेकआउटला तीन मिनिटं तरी द्या, पहिलं मिनिट "कॅन यू हिअर मी?" मध्येच जातं. आणि सूचना आधी कागदावर उतरवून घ्यायला सांगा, कारण आत गेल्यावर तुमची शेअर केलेली स्क्रीन बहुधा दिसत नाही. हे विसरलात तर सगळ्या जोड्या "काय करायचंय?" असं एकमेकांना विचारत बसतात.

काही आइसब्रेकर मी सोडून दिले. 'दोन खरं, एक खोटं' हा खेळ प्रसिद्ध आहे (स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी बाकीच्यांनी ओळखायची), पण त्याला भूतकाळ यावा लागतो आणि परक्या भाषेत थाप मारावी लागते. बी-१ या मधल्या पातळीच्या खाली तो देऊ नका. लहानपणीचा फोटो दाखवा, कुटुंबाबद्दल सांगा, काय काम करता, हे प्रश्न मोठ्यांच्या बॅचमध्ये पहिल्या तासाला टाळाच. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याला तिथे काय बोलावं सुचत नाही, आणि ते आपल्याला कळतही नाही. उशिरा येणाऱ्यांना मध्येच सामील होता येणार नाही असा खेळही नको.

कॅमेऱ्याची सक्ती मी करत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात स्वतःचाच चेहरा सतत दिसत राहणं हे एक होतं. म्हणून पहिल्या तासाला स्वतःची चौकट स्वतःपुरती लपवायची कशी, हे मी करून दाखवते. त्यानंतर काही जण आपणहून कॅमेरा सुरू करतात.

आइसब्रेकर चालू असताना चुका दुरुस्त करू नका, हे मात्र मी ठासून सांगेन. वहीत टिपून ठेवा.

त्या नवव्या नंबरच्या बाई चौथ्या तासाला वस्तूंच्या फेरीत पहिल्यांदा बोलल्या. त्यांनी एक जुनी किल्ली कॅमेऱ्याच्या इतकी जवळ धरली, की स्क्रीनभर पितळच दिसत होतं. "धिस इज अ की," त्या म्हणाल्या. मी सातपर्यंत मोजलं. "देअर इज नो लॉक." कुणीही न सांगता तिघांचे माईक सुरू झाले, "व्हाय डू यू कीप इट?" वर्गात आलेला तो पहिला खरा प्रश्न होता, कारण विचारणाऱ्याला उत्तर हवं होतं. बाई म्हणाल्या, "बिफोर, इट ओपन माय हाउस."

मी वहीत वाक्य टिपलं आणि फेरी पुरी होऊ दिली. मग त्यांना विचारून ते फळ्यावर घेतलं आणि त्याखाली लिहिलं, "इट यूज्ड टू ओपन माय हाउस." त्या दिवशीचा धडा 'यूज्ड टू' चाच होता, म्हणजे पूर्वी असायचं आणि आता नाही ते सांगण्याचा. मी आधी तयार करून ठेवलेलं पहिलं उदाहरण पुसून टाकलं.